डोके नवे, धड जुने

ॲम्बॅसेडर गाडीच्या बॉनेटखाली एकदाही डोकावून पाहिलेले नाही असा माणूस एका पिढीपूर्वी आपल्या देशात विरळाच होता. सरकारी कचेरीच्या आवारात, घाटाच्या मध्यावर रेडिएटर थंड होण्याची वाट पाहत किंवा लग्नाचे वऱ्हाड खोळंबलेले असताना कोणी ना कोणी ते बॉनेट उघडलेले असायचेच. आत दिसायचे ते लोखंडी, जाडजूड, बिनतक्रार काम करणारे १,४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन. ते १९५९ साली ॲम्बॅसेडरमध्ये आले आणि अनेक वर्षे तिचे मुख्य इंजिन राहिले. त्याचे मूळ घराणे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे 'बी सिरीज'. शक्ती जेमतेम पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीची. कोणी त्याला वेगवान म्हटले नाही, पण भरवशाचे सगळ्यांनीच म्हटले.

या शांत, सोशिक इंजिनाच्या एका सख्ख्या भावंडावर १९५८ साली इंग्लंडमध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याचे धड तसेच ठेवून डोके बदलण्यात आले. जुन्या साध्या हेडच्या जागी दोन कॅमशाफ्टचे, म्हणजे 'ट्विन कॅम' हेड बसवले गेले. शक्ती तर वाढली, पण अवघ्या दोन वर्षांत ते इंजिन बंद करण्याची पाळी आली. त्यानंतर थोड्याच काळात त्याच देशात दुसऱ्या एका साध्या कौटुंबिक गाडीच्या इंजिनावर तशीच शस्त्रक्रिया झाली आणि तिने मोटारींच्या जगात इतिहास घडवला. कल्पना एकच, मग एक फसली आणि एक फळली, असे का व्हावे?

हेड उतरवावे लागेल!

'हेड उतरवावे लागेल,' असे मेकॅनिकने म्हटले की गाडीमालकाचा चेहरा उतरतो. कारण एवढेच की हेड हा इंजिनाचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत हुशार भाग आहे. खालचा ब्लॉक म्हणजे इंजिनाचे धड. त्यात सिलिंडर असतात, सिलिंडरांत पिस्टन वर-खाली होतात आणि त्यांच्या धावपळीचे रूपांतर क्रँकशाफ्ट गोल फिरण्यात करतो. या ब्लॉकवर झाकणासारखे जे बसते ते सिलिंडर हेड. पण ते नुसते झाकण नव्हे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह, जळलेला धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, ठिणगी पाडणारा प्लग आणि मिश्रण प्रत्यक्ष जळते ती पोकळी हे सारे हेडमध्येच असते. इंजिन श्वास घेते आणि सोडते ते हेडमधून.

इंजिनाची शक्ती वाढवायची तर त्याला अधिक हवा मिळायला हवी. सिलिंडर मोठा केला तर हवा अधिक मावते, हे सरळच आहे. पण सिलिंडर तेवढाच ठेवून अधिक शक्ती हवी असेल तर त्याने मिनिटाला अधिक वेळा आणि प्रत्येक वेळी पूर्ण छाती भरून श्वास घ्यायला हवा. साध्या इंजिनाची अडचण इथेच येते.

ॲम्बॅसेडर किंवा जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, पण त्यांना उघडण्याचा हुकूम देणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. हा हुकूम वर पोहोचवण्यासाठी पुशरॉड नावाच्या लांब सळ्या आणि रॉकर नावाच्या डोलणाऱ्या दांड्या लागतात. तळमजल्यावर उभे राहून लांब बांबूने वरच्या मजल्याची खिडकी ढकलावी, तसाच हा प्रकार. सावकाश ढकलायचे असेल तर काही बिघडत नाही. पण कोणी सांगितले की सेकंदाला पन्नास वेळा खिडकी उघडा आणि लावा, तर बांबू लवचेल, हात चुकेल आणि खिडकी अर्धवट उघडी राहील. सेकंदाला पन्नास हा आकडा अतिशयोक्तीचा नाही. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या गतीने, म्हणजे ३,००० फेऱ्यांनी फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला बरोबर ५० वेळा उघडतो. एवढ्या वेगात सळ्या आणि दांड्यांचे वजन आवरणे स्प्रिंगांना जड जाते. व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही आणि शक्ती वाढण्याऐवजी घटू लागते.

यावर उपाय साधा वाटतो. हुकूम देणाऱ्यालाच वरच्या मजल्यावर नेऊन बसवायचे! एक कॅमशाफ्ट आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर, दुसरा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर. मधल्या सळ्या नकोत की दांड्या नकोत. यालाच ट्विन कॅम म्हणतात. याचा आणखी एक फायदा असा की दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह समोरासमोर तिरपे ठेवता येतात. मग मिश्रण एका बाजूने आत येते आणि धूर दुसऱ्या बाजूने निघून जातो. एस.टी.च्या एकाच दारातून उतरणारे आणि चढणारे एकमेकांना कसे ढकलतात ते सर्वांनी अनुभवले आहे. मागच्या दाराने चढा आणि पुढच्या दाराने उतरा असा नियम पाळला तर तीच बस निम्म्या वेळात भरते. शिवाय प्लग पोकळीच्या जवळजवळ मध्यभागी येतो, त्यामुळे मिश्रण चोहोबाजूंनी सारखे जळते.

ही युक्ती नवी नव्हती. १९१२ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने शर्यतीच्या मोटारीत दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवले होते आणि जॉर्ज ब्वालो याने त्या वर्षीची फ्रेंच ग्रां प्री जिंकली होती. पण असे हेड बनवणे फार खर्चाचे. म्हणून कित्येक वर्षे ते शर्यतीपुरते आणि श्रीमंतांपुरतेच राहिले. प्रश्न होता तो हा की बाजारात हजारोंनी विकल्या जाणाऱ्या स्वस्त इंजिनाच्या धडावर हे उंची डोके बसवता येईल का?

सख्ख्या भावंडाची शोकांतिका

हा प्रयोग ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने आपल्या एम.जी. या छोट्या स्पोर्ट्स गाडीसाठी केला. १९५५ साली आलेल्या 'एमजीए' गाडीत बी सिरीजचे १,४८९ सी.सी. इंजिन होते. म्हणजे पुढे ॲम्बॅसेडरला मिळाले त्याच आकाराचे आणि त्याच कुळातले. १९५८ च्या उन्हाळ्यात 'एमजीए ट्विन कॅम' जाहीर झाली. ब्लॉकचा पाया बी सिरीजचाच, पण आकार वाढवून १,५८८ सी.सी. केलेला आणि वर ॲल्युमिनियमचे नवे ट्विन कॅम हेड. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, ही त्या काळी मोठी चैन होती. शक्ती १०८ अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी त्याच १,५८८ सी.सी.चे, पण साध्या पुशरॉड हेडचे इंजिन 'एमजीए १६००' या नावाने आले. त्याची शक्ती होती सुमारे ८०. आकार तोच, घराणे तेच, केवळ डोक्याच्या फरकाने २८ अश्वशक्ती अधिक! कागदावर याहून चांगला सौदा नव्हता.

पण गाड्या रस्त्यावर आल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. हौसेने घेतलेल्या नव्या गाडीचे पिस्टन जळू लागले. काहींच्या पिस्टनला चक्क भोक पडे. इंजिन तेलही भरपूर पिई. बिचाऱ्या मालकाने काही गैर केलेले असायचे असे नाही. त्याने नेहमीच्या पंपावर नेहमीचे पेट्रोल भरले आणि नेहमीच्या गॅरेजमध्ये ट्यूनिंग करून घेतले, एवढाच त्याचा अपराध!

असे का झाले? या इंजिनाचे कॉम्प्रेशन ९.९ ला १ इतके चढे ठेवले होते. म्हणजे आत आलेले मिश्रण जवळजवळ दहापट दाबले जाई. मिश्रण जितके दाबावे तितकी शक्ती अधिक, पण तितकाच धोकाही अधिक. पेट्रोल हलक्या प्रतीचे असेल, ठिणगी किंचित आधी पडली किंवा मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण थोडे कमी झाले, तर ज्योत शिस्तीने पसरण्याऐवजी मिश्रणाचा उरलेला भाग एकदम भडकतो. चढावर चुकीच्या गिअरमध्ये गाडी दामटली की इंजिनातून जो 'टकटक' आवाज येतो, तो याच प्रकाराचा. पुशरॉडच्या जुन्या इंजिनाने हा मार बराच काळ सोसला असता. पण ट्विन कॅमचे इंजिन चढ्या दाबावर आणि चढ्या वेगावर चालणारे. त्याच्या पिस्टनचा माथा काही क्षणांतच वितळू लागे.

थोडक्यात, हेडमध्ये खोट नव्हती. खोट होती ती त्या हेडला ज्या शिस्तीची गरज होती ती गल्लीतल्या गॅरेजला आणि रोजच्या पेट्रोल पंपाला जमण्यासारखी नव्हती यात. कंपनीने पुढे कॉम्प्रेशन ८.३ ला १ इतके उतरवले आणि त्रास बराचसा थांबलाही. पण तोवर गाडीचे नाव बदनाम झाले होते. दुकानातून एकदा वाईट माल दिला गेला की पुढे चांगला ठेवूनही गिऱ्हाईक फिरकत नाही, तसेच हे झाले. १९६० मध्ये उत्पादन बंद पडले. एकूण गाड्या निघाल्या अवघ्या २,१११.

संपादकाने आखलेले इंजिन

याच सुमाराला कॉलिन चॅपमन या इंग्लिश इंजिनिअरपुढे वेगळीच चिंता होती. १९५२ साली त्याने 'लोटस' ही छोटी मोटार कंपनी काढली होती. शर्यतीत तिचे नाव झाले, पण शर्यतीच्या नावावर घर चालत नाही. विकण्यासाठी काढलेल्या 'एलिट' या सुंदर गाडीत कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीचे इंजिन होते. गंमत अशी की त्या इंजिनाचा मूळ पूर्वज आगीच्या बंबाचा पंप चालवण्यासाठी बनला होता! हलके आणि ताकदवान, पण महाग. इतके महाग की एलिट विकून लोटसच्या हाती फायदा उरेना. स्वस्त आणि तरीही दमदार इंजिन मिळाले नाही, तर ही छोटी कंपनी फार काळ तग धरणार नव्हती.

चॅपमनची नजर गेली ती फोर्ड कंपनीच्या अगदी साध्या इंजिनाकडे. १९५९ साली 'अँग्लिया' या मध्यमवर्गीय गाडीसाठी फोर्डने ९९७ सी.सी.चे पुशरॉड इंजिन काढले होते. ते स्वस्त होते, हजारोंनी बनत होते आणि त्याचे सुटे भाग गावोगावी मिळत होते. त्याचा एक गुण तज्ज्ञांनी हेरला. त्याचे सिलिंडर रुंद होते आणि पिस्टनची धाव आखूड. पिस्टनला कमी अंतर धावायचे असल्याने इंजिन मोठ्या वेगाने फिरवले तरी त्याच्यावर ताण कमी पडतो.

हेड आखण्याचे काम चॅपमनने सोपवले हॅरी मंडी यांच्याकडे. मंडी त्या वेळी कोणत्याही कारखान्यात नव्हते. ते 'द ऑटोकार' या मोटारविषयक साप्ताहिकाचे तांत्रिक संपादक होते! अर्थात पत्रकारितेत येण्यापूर्वी त्यांनी बी.आर.एम. या शर्यतीच्या संघात आणि कॉव्हेंट्री क्लायमॅक्समध्ये काम केले होते. पुढे ते जॅग्वार कंपनीत गेले आणि तिच्या प्रसिद्ध बारा सिलिंडरांच्या इंजिनातही त्यांचा वाटा राहिला. इतरांच्या इंजिनांचे गुणदोष दर आठवड्याला लिहिणाऱ्या माणसाने स्वतः एक इंजिन आखावे आणि ते यशस्वी व्हावे, असे उदाहरण क्वचितच सापडते.

१९६१ साली हे इंजिन पहिल्यांदा चाचणीसाठी सुरू झाले. सुदैवाने याच काळात फोर्डनेही आपल्या इंजिनाचा विस्तार चालवला होता. १,४९८ सी.सी.च्या नव्या आवृत्तीत क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच ठिकाणी बेअरिंगचा आधार मिळाला. हा फरक महत्त्वाचा. लांब फळीला तीन विटांवर ठेवणे आणि पाच विटांवर ठेवणे यांत जो फरक, तोच इथे. बी सिरीजच्या इंजिनाला त्या काळी तीनच आधार होते. मंडींच्या हेडला धड मिळाले ते पाच आधारांचे.

२७ मे १९६२ रोजी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या १,००० किलोमीटरच्या शर्यतीत हे इंजिन पहिल्यांदा उतरले. गाडी होती चिमुकली लोटस २३, चालक जिम क्लार्क, समोर दुप्पट आकाराच्या इंजिनांच्या फेरारी आणि मुरलेल्या पोर्शे. रस्ता पावसाने ओला होता. पहिली फेरी संपली तेव्हा सर्वांत पुढे होती ती ही छोटी लोटस, तीही कित्येक सेकंदांच्या अंतराने! पुढे धुराचा पाइप गळू लागला, तो धूर क्लार्कच्या नाकातोंडात गेला आणि भोवळ येऊन त्याला शर्यत सोडावी लागली. शर्यत हातची गेली, पण मध्यमवर्गीय गाडीच्या धडावरचे नवे डोके काय करू शकते ते जगाने पाहिले.

त्याच वर्षी हे इंजिन घेऊन 'लोटस एलान' बाजारात आली. लवकरच इंजिनाचा आकार १,५५८ सी.सी. करण्यात आला आणि शक्ती १०५ अश्वशक्ती झाली. जानेवारी १९६३ मध्ये फोर्डच्या साध्या 'कॉर्टिना' गाडीत हेच इंजिन घालून 'लोटस कॉर्टिना' जाहीर झाली. पुशरॉड हेडची तेज 'कॉर्टिना जी.टी.' ७८ अश्वशक्तीची होती. ही १०५ ची. बाहेरून पाहावे तर चार दारांऐवजी दोन दारांची, पांढऱ्या रंगावर हिरवा पट्टा ओढलेली घरगुती गाडी. १९६४ साली जिम क्लार्कने हीच गाडी चालवून ब्रिटनची सलून मोटारींची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली.

हेड बदलले की काय काय बदलते?

एखाद्याला वाटेल, जुने हेड उतरवले, नवे चढवले, नट आवळले, संपले काम! प्रत्यक्षात हेड हे सुनेसारखे असते. ती एकटी येत नाही, सगळ्या घराची घडी बदलते.

लोटसच्या हेडचेच पाहू. पुशरॉड आणि रॉकर भंगारात गेले. पण जुना कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच राहिला, कारण तेलाचा पंप, पेट्रोलचा पंप आणि डिस्ट्रिब्युटर त्याच्याच जिवावर फिरत होते. व्हॉल्व्ह उघडण्याचे मानाचे काम गेले, घरातली पडेल कामे तेवढी उरली! वरचे दोन नवे कॅमशाफ्ट फिरवायला लांब टायमिंग चेन आली. ती सैल पडू नये म्हणून ताण देणारी योजना आली. चेन झाकायला इंजिनाच्या तोंडाशी नवे कव्हर आले. पिस्टन वर येताना व्हॉल्व्हला धडकू नयेत म्हणून वेगळ्या माथ्याचे पिस्टन आले. हवा अधिक घ्यायची म्हणून दोन जोड-कार्ब्युरेटर आले आणि धूर वेगाने बाहेर जावा म्हणून वेगळा एक्झॉस्ट आला.

सर्वांत जोखमीचे काम टायमिंगचे. क्रँकशाफ्ट आणि दोन्ही कॅमशाफ्ट यांच्या खुणा एकमेकींशी तंतोतंत जुळाव्या लागतात. चेन बसवताना काही दाते इकडचे तिकडे झाले आणि कोणी स्टार्टर मारला, तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. क्षणात व्हॉल्व्ह वाकतो आणि महिनाभराच्या मेहनतीवर पाणी पडते. म्हणून जाणता मिस्त्री किल्ली कधीच आधी फिरवत नाही. प्लग काढून ठेवतो, क्रँकशाफ्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतो आणि कुठे अडत नाही ना ते बोटांना जाणवून घेतो.

दुसरी काळजी टॅपेटच्या फटीची. जुन्या इंजिनात स्क्रू पिळून ही फट पाच-दहा मिनिटांत जमवता येई. मंडींच्या हेडमध्ये कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये उलट्या वाटीसारखा टॅपेट असतो आणि त्या वाटीखाली शिम नावाची छोटी चकती. फट बदलायची तर कॅमशाफ्ट काढून चकती बदलायची, पुन्हा सगळे बसवायचे, पुन्हा मोजायचे. मात्र एकदा जमले की दीर्घकाळ बघावे लागत नाही.

तिसरी गोष्ट दोन धातूंच्या संसाराची. ब्लॉक लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. तापले की ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मध्ये बिचारी हेड गॅसकेट दोघांची ओढाताण सोसत असते. म्हणून नट आवळताना टॉर्क पाना वापरायचा, मधल्या नटापासून सुरुवात करून कडेकडे जायचे आणि एका दमात नव्हे तर टप्प्याटप्प्याने आवळायचे. गाडी तापली तरी 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणत दामटली, तर हेड वाकते आणि ते फेसिंगला द्यावे लागते.

लोटसच्या या इंजिनातही दोष होतेच. पाण्याचा पंप पुढच्या कव्हरमध्येच बसवला होता. तेवढा एक पंप गळू लागला की हेड उतरवण्यापर्यंत मजल जाई. डिस्ट्रिब्युटर कार्ब्युरेटरच्या खाली दडलेला, त्यामुळे पॉइंट साफ करायला मेकॅनिकला अंगाची कसरत करावी लागे. तरी लोकांनी हे इंजिन सांभाळले, कारण ते मालकाला रस्त्यात दगा देत नव्हते. गैरसोय माणूस सहन करतो, बेभरवसा सहन करत नाही.

धाकट्याची थोरली कीर्ती

फोर्डच्या त्या साध्या ब्लॉकचे भाग्य इथेच थांबले नाही. लोटसमधून बाहेर पडलेल्या कीथ डकवर्थने माइक कॉस्टिनबरोबर १९५८ साली 'कॉसवर्थ' ही कंपनी काढली होती. दोघांच्या आडनावांची अर्धी-अर्धी अक्षरे जोडून हे नाव झाले. १९६६ साली डकवर्थने फोर्डच्या याच ब्लॉकसाठी दर सिलिंडरला चार व्हॉल्व्हचे नवे ट्विन कॅम हेड आखले. त्या इंजिनाचे नाव 'एफव्हीए'. त्यातून मिळालेल्या अनुभवावर त्याने आठ सिलिंडरांचे, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे तीन लिटरचे इंजिन उभारले. त्याचे नाव 'डीएफव्ही', म्हणजे 'डबल फोर व्हॉल्व्ह'. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडव्होर्टच्या ग्रां प्रीत ते पहिल्यांदा उतरले आणि पहिल्याच शर्यतीत जिंकले. चालक पुन्हा जिम क्लार्कच! १९८३ पर्यंत या घराण्याच्या इंजिनांनी फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकल्या.

जपाननेही हाच मार्ग धरला. टोयोटाच्या 'क्राउन' या प्रतिष्ठित पण साध्या गाडीच्या सहा सिलिंडरी इंजिनावर यामाहा कंपनीने ट्विन कॅम हेड बसवले आणि १९६७ साली १५० अश्वशक्तीची 'टोयोटा २००० जी.टी.' बाजारात आली.

आता ट्विन कॅमचे अप्रूपच उरलेले नाही. २००८ पासून मारुती सुझुकीने आणलेल्या के-सिरीज इंजिनांत दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आहेत. वॅगन आर आणि स्विफ्टमधून मुलांना शाळेत सोडणारी गृहिणी एकेकाळी ग्रां प्री जिंकणारे तंत्र रोज चालवते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. पुण्याजवळच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेल्या के.टी.एम. ३९० मोटारसायकलीच्या इंजिनातही दोन कॅमशाफ्टच आहेत. हे शक्य झाले ते एका दिवसात नव्हे. चांगले पेट्रोल, ठिणगीची वेळ अचूक सांभाळणारा संगणक आणि 'टकटक' ऐकताच ठिणगी मागे घेणारा सेन्सर हे सारे आले तेव्हाच हे नाजूक डोके सामान्य माणसाच्या धडावर निर्धास्त बसले. एमजीएच्या मालकाला नेमके हेच मिळाले नव्हते.

हौस करण्यापूर्वी

जुनी गाडी घ्यावी, तिचे इंजिन उतरवावे आणि काहीतरी भारी बसवावे, ही हौस आजही अनेक तरुणांना असते. हौस वाईट नाही. तिच्यामुळेच हात तयार होतात. पण पैसे मोजण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. नवे हेड पेलण्याइतका खालचा ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट ठणठणीत आहे का? वाढलेला वेग रोखण्याइतके ब्रेक चांगले आहेत का? एमजीए आणि लोटस या दोघांनीही शक्ती वाढवताना डिस्क ब्रेक दिले होते, हे विसरू नये. आणि तिसरा प्रश्न, आपल्या शहरात हे इंजिन समजून घेणारा मिस्त्री आहे का?

कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. म्हणून इंजिनाला हात लावण्यापूर्वी आर.टी.ओ. कचेरीत चौकशी करून रीतसर परवानगी घेणे शहाणपणाचे. अपघातानंतर विम्याची कंपनी पहिल्यांदा कागदच पाहते.

एमजीए ट्विन कॅमची कथा मात्र १९६० ला संपली नाही. बदनाम झालेल्या त्या २,१११ गाड्यांपैकी ज्या उरल्या, त्या आज जुन्या मोटारींचे शौकीन शोधत फिरतात. कॉम्प्रेशन उतरवले, ठिणगीची वेळ नीट बांधली, पेट्रोल चांगले दिले की तेच इंजिन आता विनातक्रार पळते. डोके तेच, धडही तेच. त्याला समजून घेणारा माणूस तेवढा भेटायला हवा होता.